तेलगिरणीची पेंड आणि तळ्यातील मासा

मराठवाड्याच्या पूर्व भागातील नांदेड व लातूर हे दोन जिल्हे शेतीमालाच्या दृष्टीने एकमेकांस पूरक आहेत. गोदावरीच्या काठावरील नांदेड हे कापसाचे जुने केंद्र. तेथील कापूस संशोधन केंद्राने दिलेला ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण एके काळी राज्यभर गाजला. १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झालेला लातूर जिल्हा आज सोयाबीन व तूर यांच्या बाजारपेठेसाठी देशभर ओळखला जातो. या दोन्ही जिल्ह्यांत जिनिंग कारखाने, तेलगिरण्या व डाळगिरण्या चालतात. त्यांच्या मुख्य मालाबरोबर सरकीची ढेप, सोयाबीनची पेंड, तुरीची चुणी असा दुय्यम मालही बाहेर पडतो. तो प्रामुख्याने जनावरांच्या गोठ्याकडे आणि कोंबडीखाद्याच्या कारखान्यांकडे जातो.

याच जिल्ह्यांत मानार, तिरू, देवर्जन, साकोळ, घरणी, मसलगा, रेणा यांसारखे प्रकल्प आहेत, शेकडो पाझर तलाव व गावतळी आहेत आणि अलीकडच्या वर्षांत मोठ्या संख्येने झालेली शेततळीही आहेत. यांपैकी अनेक ठिकाणी कटला, रोहू व मृगळ या माशांचे बीज सोडले जाते. परंतु बीज सोडल्यावर माशाने काय खावे, याचा विचार फारच थोड्या ठिकाणी होतो. जेथे होतो तेथेही मूठभर कोंडा व पेंड पाण्यात फेकण्यापलीकडे मजल जात नाही. दुसरीकडे तरंगत्या मत्स्यखाद्याची पोती दूरवरून विकत आणली जातात. वास्तविक त्या खाद्यातील मुख्य घटक म्हणजे लातूर-नांदेडच्या गिरण्यांतून निघणारी पेंडच होय. मग जवळची पेंड आणि जवळचे तळे यांच्यामध्ये अडते कोठे? अडते ते प्रक्रियेपाशी. वनस्पतिजन्य पदार्थ माशाला चालतो. मात्र तो कसा भाजला, दळला आणि बांधला, यावर त्याचे अन्न होते की अपाय होतो, हे ठरते.

पाण्याची मुदत

या भागातील मत्स्यशेतीचा पहिला नियम पाऊस ठरवितो. किनारी आंध्रातील तळ्यांना कालव्यांचे पाणी दीर्घकाळ लाभते. मराठवाड्यातील गावतळ्याला ते भाग्य नाही. १९५७ च्या जुलै महिन्यात डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसात कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून मत्स्यबीजासाठी नदीच्या पुरावर विसंबून राहण्याची गरज उरली नाही. तरीही बीज पावसाळ्यातच तयार होते. ते वाढून बोटुकली होईपर्यंत आणि तळ्यात पुरेसे पाणी साठेपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. अनेक पाझर तलाव फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ गाठतात. पावसाने दगा दिला तर याहून बिकट अवस्था होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडल्याने लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ही आठवण अजून ताजी आहे.

म्हणजे मासा वाढविण्यासाठी हाती सहा-सात महिने असतात. त्यातीलही डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत कार्प माशाची भूक मंदावते. पाण्याचे तापमान साधारणतः २५ ते ३२ अंश सेल्सियस असताना तो चांगला खातो आणि वाढतो. ही मुदत वाया गेली तर बाजारात पाव किलोचा मासा न्यावा लागतो आणि त्याला भाव मिळत नाही. मच्छीमार सहकारी संस्थेने तलावाच्या ठेक्याची भरलेली रक्कम निघेल की नाही, हे अनेकदा या सहा महिन्यांतील खाद्यावरच ठरते. खाद्य हा मत्स्यशेतीच्या खर्चातील सर्वांत मोठा भाग असून जेथे खाद्य देऊन मासे वाढविले जातात तेथे निम्म्याहून अधिक खर्च त्यावरच होतो.

माशाची गरज

कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. या तिन्ही थरांतील सूक्ष्म वनस्पती, सूक्ष्म प्राणी व कुजलेले पदार्थ हे त्यांचे नैसर्गिक अन्न होय. शेण व अन्य खते योग्य प्रमाणात घातलेल्या तळ्यात हे अन्न आपोआप तयार होते आणि ते जवळजवळ फुकटचे असते. बाहेरून दिलेले खाद्य त्यास पूरक म्हणून द्यावयाचे असते. बोटुकली सोडण्याचे प्रमाण वाढले, वाढीची मुदत कमी असली किंवा तळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर असले, की मात्र नैसर्गिक अन्न पुरत नाही. अस्तर घातलेल्या शेततळ्यात माती व पाणी यांचा संबंध तुटलेला असतो. तेथे बाहेरच्या खाद्याचे महत्त्व विशेष वाढते.

वाढत्या कार्प माशाच्या खाद्यात साधारणतः २५ ते ३० टक्के प्रथिने असावीत. लहान पिलांना याहून अधिक लागतात. मात्र प्रथिनांचा एकूण आकडा पुरेसा नसतो. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात त्यांपैकी दहा आम्ले माशाला अन्नातूनच मिळावी लागतात. सोयाबीनमध्ये लायसिन भरपूर असते, पण मेथिओनिन कमी पडते. भुईमुगाच्या पेंडीत ही दोन्ही कमी असतात. सरकीत लायसिनचा तुटवडा असतो. म्हणून एकाच पेंडीवर भिस्त ठेवण्याऐवजी दोन-तीन पेंडी एकत्र केल्यास एकीची उणीव दुसरी काही अंशी भरून काढते.

कार्प माशांच्या शरीररचनेतील एक गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांना खरे पोट नसते. अन्न घशातून थेट लांब आतड्यात जाते. जठरातील आम्लाने अन्न मऊ व विरघळते करण्याची जी सोय इतर अनेक प्राण्यांत असते, ती येथे नाही. त्यामुळे जाडसर, कच्चे किंवा तंतुमय खाद्य कार्प माशात नीट न पचता तसेच बाहेर पडते. गाईच्या चार कप्प्यांच्या पोटाला मानवणारी सरकीची ढेप माशाला त्याच रूपात मानवेल, ही समजूत म्हणूनच चुकीची ठरते. जे काम माशाच्या शरीरात होत नाही, ते गिरणीत व चुलीवर आधीच करून द्यावे लागते.

मासळीच्या कुटाकडून पेंडीकडे

मत्स्यखाद्यात प्रथिनांसाठी समुद्रातील लहान मासळीचे कूट वापरण्याची रीत जुनी आहे. ते पचण्यास उत्तम असते. परंतु त्याचा पुरवठा समुद्रावर अवलंबून असतो. या कुटाचा जगातील सर्वांत मोठा साठा पेरू देशाच्या किनाऱ्यावरील अँकोव्ही या माशापासून येतो. १९७२ मध्ये एल निनो प्रवाह आणि बेसुमार मासेमारी यांमुळे तेथील मासेमारी कोसळली. त्याचा ताण लगेच सोयाबीनवर पडला आणि १९७३ च्या जूनमध्ये अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर काही काळ बंदीच घातली. २०२३ मध्येही एल निनोमुळे पेरूला अँकोव्हीचा पहिला हंगाम रद्द करावा लागला. समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नांदेडच्या मच्छीमाराने महागडे कूट विकत घेणे व्यवहार्य नाही आणि कार्प माशांसाठी ते अत्यावश्यकही नाही. भारतातील कार्पपालन प्रथमपासून भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा यांच्या समभाग मिश्रणावर चालत आले आहे. १९७१ मध्ये सुरू झालेल्या मिश्र मत्स्यपालनाच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातून हीच पद्धत खेड्यापाड्यांत पोचली. आजचा प्रश्न वनस्पतिजन्य खाद्य द्यावे की नाही, हा नाही. ते अधिक पचनीय कसे करावे, हा आहे.

कच्चे सोयाबीन का नको

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ३६ ते ४० टक्के प्रथिने व १८ ते २० टक्के तेल असते. तेल काढलेल्या पेंडीत प्रथिनांचे प्रमाण ४४ ते ४८ टक्क्यांपर्यंत जाते. बाजारात हिलाच ‘डीओसी’ म्हणतात. इतके प्रथिन इतक्या सहज देणारा दुसरा वनस्पतिजन्य पदार्थ या भागात नाही.

परंतु निसर्गाने या दाण्याला स्वतःच्या रक्षणाची साधनेही दिली आहेत. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचविणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला निकामी करणारा घटक असतो. तो पोटात गेला की दिलेले प्रथिन पचतच नाही आणि मासा खाऊनही वाढत नाही. आतड्याच्या अस्तराला चिकटून अपाय करणारी लेक्टिन ही द्रव्येही त्यात असतात. सोयाबीन शिजवून दिल्यास त्याचे पोषणमूल्य वाढते, हे ऑस्बोर्न व मेंडेल या शास्त्रज्ञांनी १९१७ मध्येच उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले होते. पुढे १९४५ मध्ये कुनिट्झ यांनी हा पचनरोधक घटक स्फटिकरूपात वेगळा केला.

हे दोन्ही घटक ओलसर उष्णतेने नष्ट होतात. द्रावक पद्धतीने तेल काढणाऱ्या कारखान्यात हेक्झेन या द्रावकाने तेल काढल्यावर पेंडीतून द्रावक घालविण्यासाठी वाफ देतात आणि त्याच वेळी पेंड भाजली जाते. चांगल्या कारखान्यातून आलेली पेंड म्हणूनच माशासाठी बहुतांशी सुरक्षित असते.

धोका उद्भवतो तो दाणा थेट तळ्यात टाकण्यात. सोयाबीनच्या भावातील चढउतार तीव्र असतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये हा भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या आसपास पोचला आणि कोंबडीखाद्य उद्योगाच्या मागणीवरून केंद्र शासनाने १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. याउलट २०२४ च्या हंगामात आधारभूत किंमत ४,८९२ रुपये असताना बाजारभाव त्याखाली राहिले. भाव पडला की घरातले सोयाबीन भरडून माशाला घालण्याचा मोह शेतकऱ्यास होणे स्वाभाविक आहे. तो माल वाया जाऊ नये, हे खरे. परंतु तो कच्चा देऊ नये. दाणे रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, अर्धा तास चांगले उकळावेत, कडक वाळवावेत आणि मगच दळावेत. दळलेले पीठ फार दिवस ठेवू नये. त्यातील तेल खवट होते आणि खवट तेल माशाच्या यकृताला अपाय करते.

उष्णतेचेही प्रमाण असते. पेंड करपली तर तिच्यातील लायसिन साखरेशी बांधले जाते आणि माशाला मिळत नाही. फिकट पिवळसर तांबूस रंग व भाजक्या डाळीसारखा वास ही चांगल्या पेंडीची खूण होय. गडद तपकिरी रंग व जळका वास आल्यास ती घेऊ नये.

फायटिक आम्ल हा सोयाबीनमधील आणखी एक घटक उष्णतेला दाद देत नाही. पेंडीतील सुमारे दोन-तृतीयांश स्फुरद त्यात अडकून पडलेले असते. मासा ते पचवू शकत नाही, उलट जस्तासारखे क्षारही त्यात अडकतात. पेंड आंबविल्यास फायटिक आम्ल व पोटात वायू धरणाऱ्या काही शर्करा कमी होतात. म्हणून आंबविलेली सोयाबीन पेंड अलीकडे मत्स्य व कोळंबी खाद्यात वापरली जाते. गावपातळीवर एवढे न जमल्यास खाद्यात एक-दोन टक्के क्षारमिश्रण घालणे हा सोपा उपाय आहे.

शाळेत करता येण्याजोगी परीक्षा

पेंड पुरेशी भाजली आहे की नाही, हे पाहण्याची एक रीत माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येते. कच्च्या सोयाबीनमध्ये युरियेज नावाचे विकर असते आणि ते पचनरोधक घटकाप्रमाणेच उष्णतेने नष्ट होते. युरिया विरघळविलेल्या पाण्यात फिनॉल रेड या दर्शकाचे थेंब घालून त्याला पिवळसर नारिंगी रंग आणावा. बशीत पेंडीची पूड पसरून ती या पाण्याने भिजवावी. पेंड कच्ची असेल तर युरियापासून अमोनिया तयार होऊन काही मिनिटांत सर्वत्र लाल-गुलाबी रंग पसरतो. नीट भाजलेली असेल तर इकडेतिकडे तुरळक लाल ठिपके दिसतात. एक बशी कच्च्या सोयाबीनच्या पिठाची, दुसरी उकळून वाळविलेल्या पिठाची आणि तिसरी बाजारातील पेंडीची अशा तीन बशा शेजारी ठेवल्यास विद्यार्थ्यांना विकरांचा धडा आणि गावाला पेंडीची पारख, असे दोन्ही लाभ होतील. पेंड जादा करपली आहे का, हे मात्र या परीक्षेने कळत नाही. त्यासाठी रंग व वास पाहावा.

सरकी, करडई आणि भुईमूग

नांदेड भागात सरकीची ढेप मुबलक मिळते. टरफलासह गाळलेल्या ढेपेत प्रथिने सुमारे २२ टक्के, तर टरफल काढून गाळलेल्या पेंडीत ती ४० टक्क्यांच्या जवळपास असतात. सरकीत गॉसिपॉल हे पिवळे विषारी द्रव्य असते. गाळपाच्या उष्णतेने ते प्रथिनाशी बांधले जाऊन त्याचा विषारीपणा घटतो, परंतु त्याबरोबर लायसिनही अडकते. त्यामुळे सरकीची पेंड माशाच्या खाद्यात दुय्यम घटक म्हणून, सोयाबीनच्या जोडीने व मर्यादित प्रमाणात वापरावी. अंड्यावर येणाऱ्या प्रजनक माशांना ती न देणे बरे.

करडईची गोष्टही अशीच आहे. मराठवाड्याच्या या जुन्या तेलबियेची टरफलासह गाळलेली पेंड इतकी तंतुमय असते की माशाला तिचा फारसा उपयोग होत नाही. टरफल काढलेली मिळाल्यासच ती घ्यावी.

भुईमुगाची पेंड माशाला आवडते आणि तीत ४० ते ४५ टक्के प्रथिने असतात. मात्र ओल लागताच तिच्यावर पिवळसर हिरवी बुरशी चढते आणि अफ्लाटॉक्सिन हे घातक विष तयार होते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी अकस्मात दगावले, तेव्हा शोध घेता घेता ब्राझीलहून आलेल्या बुरशीयुक्त भुईमूग पेंडीपर्यंत माग लागला आणि हे विष जगाला कळले. पुढे ट्राउट माशांत यकृताचा कर्करोगही यामुळेच होतो, असे आढळले. शिजवून किंवा उन्हात वाळवून हे विष जात नाही. म्हणून बुरशी आलेली पेंड स्वस्तात मिळाली तरी माशाला घालू नये. कोणतीही पेंड साठविताना तिचा ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर व भिंतीपासून दूर रचावीत.

मिश्रणाचा हिशेब

खाद्याचा ठरावीक नुस्खा पाठ करण्यापेक्षा हिशेबाची रीत शिकणे अधिक उपयोगी. भाव बदलले की घटकही बदलता येतात. सोयाबीन पेंडीत ४६ टक्के व तेल काढलेल्या भाताच्या कोंड्यात १४ टक्के प्रथिने आहेत असे धरू. हा कोंडा नांदेडला लागून असलेल्या तेलंगणातील निजामाबाद भागाच्या भातगिरण्यांतून येऊ शकतो. आपल्याला २८ टक्के प्रथिनांचे खाद्य हवे आहे. कोंडा २८ पेक्षा १४ ने कमी आहे, म्हणून पेंडीचे भाग १४. पेंड २८ पेक्षा १८ ने अधिक आहे, म्हणून कोंड्याचे भाग १८. एकूण भाग ३२ झाले. म्हणजे १०० किलो खाद्यात पेंड सुमारे ४४ किलो व कोंडा सुमारे ५६ किलो लागेल. पडताळा पाहता पेंडीतून २०.२ किलो आणि कोंड्यातून ७.८ किलो, असे २८ किलो प्रथिन मिळते. क्षारमिश्रण घालताना कोंड्यातून तेवढा भाग वजा करावा. सोयाबीन महागल्यास पेंडीचा काही भाग सरकीने व कोंड्याचा काही भाग तुरीच्या चुणीने बदलावा आणि प्रथिनांचा पडताळा पुन्हा करावा. अचूक आकड्यासाठी घेतलेल्या मालाची प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे इष्ट. केवळ नत्राच्या आकड्यावर विश्वासू नये, कारण युरिया मिसळून तो फुगविण्याची लबाडी पेंडीच्या व्यापारात घडते.

सर्व घटक पिठासारखे बारीक दळावेत. ज्वारीचे किंवा मक्याचे थोडे पीठ पाण्यात शिजवून त्याची खळ करावी, तीत मिश्रण मळावे आणि शेवया करण्याच्या यंत्रातून काढून सावलीत वाळवावे. कोरड्या शेवया मोडून गोळीच्या आकाराचे तुकडे होतात. पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यात असा तुकडा टाकून पाहावा. तो दहा मिनिटांत विरघळत असेल तर खळ कमी पडली असे समजावे. अर्ध्या तासापर्यंत टिकला तर तो माशाच्या तोंडी पोचेल. मच्छीमार संस्थेने किंवा महिला बचत गटाने मिळून एक छोटे गोळीयंत्र घेतल्यास हेच काम अधिक प्रमाणावर होऊ शकते. तरंगते खाद्य करण्यासाठी मात्र दाब व उष्णता देणारे मोठे यंत्र लागते. कटला, रोहू व मृगळ यांच्यासाठी ते अपरिहार्य नाही.

देण्याची रीत व मात्रा

३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशा शेततळ्याचे क्षेत्र ९०० चौरस मीटर होते. हेक्टरी पाच हजार या प्रमाणात त्यात सुमारे ४५० बोटुकली सोडावी. त्यांपैकी ४०० जगली आणि प्रत्येकीचे वजन पाव किलो झाले तर तळ्यात १०० किलो मासा आहे. वजनाच्या तीन टक्के या दराने दररोज ३ किलो खाद्य द्यावे लागेल. लहान असताना हा दर पाच टक्क्यांपर्यंत असतो आणि मासा मोठा होत जाईल तसा दोन टक्क्यांपर्यंत खाली आणतात. त्यासाठी दर पंधरवड्यास जाळे टाकून काही मासे तोलावेत व मात्रा नव्याने ठरवावी.

प्रक्रियेचा लाभ आकड्यांत पाहावयाचा तर असा हिशेब मांडता येईल. या तळ्यातून ३०० किलो वाढ अपेक्षित आहे. एक किलो वाढीला ३ किलो खाद्य लागले तर ९०० किलो खर्ची पडेल. नीट भाजलेल्या, बारीक दळलेल्या व गोळीच्या रूपातील खाद्यामुळे हे प्रमाण २ किलोवर आले तर ६०० किलो पुरेल. वाचलेल्या ३०० किलोला स्थानिक भावाने गुणले की गोळी बनविण्याची मेहनत परवडते की नाही, हे प्रत्येक संस्थेला स्वतःच ठरविता येईल.

गोळी करणे शक्य नसल्यास आंध्रातील मत्स्यशेतकऱ्यांची पद्धत अनुसरावी. तेथे कोंडा व पेंड यांचे मिश्रण तळाशी बारीक छिद्रे पाडलेल्या पोत्यांत भरून ती पोती तळ्यात रोवलेल्या बांबूंना बांधतात. मासे छिद्रांतून खाद्य ओढून खातात आणि सांडण्याचे प्रमाण घटते. खाद्य रोज ठरावीक वेळी व ठरावीक जागी द्यावे. ढगाळ हवामानात किंवा पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडीत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी आहे, असे समजून त्या दिवशी खाद्य बंद ठेवावे.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न

पंचायतीच्या सदस्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. माशाने न खाल्लेली पेंड तळाशी कुजते आणि न पचलेले स्फुरद पाण्यात उतरते. स्फुरद वाढले की शेवाळ माजते. शेततळ्यात हे पाणी पिकाला देता येते आणि तेथे त्याचा खत म्हणून उपयोगच होतो. परंतु नांदेड शहर विष्णुपुरीच्या जलाशयावर व लातूर शहर मांजरा धरणावर पाण्यासाठी अवलंबून आहे, तसेच अनेक गावांची नळयोजना गावच्या तलावावर आहे. अशा पाण्यात बाहेरचे खाद्य घालणे योग्य नव्हे. तेथे योग्य आकाराची बोटुकली सोडून नैसर्गिक अन्नावरच मासा वाढवावा. खाद्य देऊन करावयाची मत्स्यशेती शेततळी व पिण्यासाठी न वापरली जाणारी गावतळी यांपुरती ठेवावी. तलावाचा ठेका देतानाच ही अट लिहून घेतल्यास पुढील तंटे टळतील.

गावपातळीवरील कार्य

या कामासाठी लागणारे ज्ञान दूर नाही. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय लातूर जिल्ह्यातच, उदगीर येथे आहे. सगरोळीसारख्या ठिकाणची कृषी विज्ञान केंद्रे गावांच्या संपर्कात आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत खाद्यनिर्मितीच्या लहान यंत्रांनाही स्थान देण्यात आले. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. प्रश्न उरतो तो या सर्वांची सांगड घालण्याचा.

मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांनी बीजवाटपाच्या वेळीच खाद्याच्या हिशेबाचा तक्ता सभासदांच्या हाती द्यावा. शिक्षकांनी तीन बशांचा प्रयोग शाळेत करून दाखवावा आणि गावातील मच्छीमारांना तो पाहण्यास बोलवावे. सरपंच व सदस्यांनी कोणत्या तलावात खाद्य चालेल आणि कोणत्या नाही, याची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी. संस्थांनी हंगामाच्या आरंभी, सोयाबीनची आवक सुरू होऊन पेंडीचा भाव उतरताच, पुढील चार महिन्यांची पेंड एकत्र खरेदी करून कोरड्या जागी साठवावी.

लातूरची पेंड लातूरच्याच तळ्यात मासा होऊन बाजारात आली, तर वाहतुकीचा खर्च वाचेल, गिरणीला जवळचे गिऱ्हाईक मिळेल आणि ज्या कुटुंबांकडे जमीन नाही पण जाळे आहे, त्यांच्या सहा महिन्यांच्या कष्टाला पुरते मोल येईल. त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. चांगली भाजलेली पेंड, बारीक दळण, तोलून दिलेली मात्रा आणि पंधरवड्याची नोंदवही एवढी तयारी पुरेशी आहे. तिचा आरंभ येत्या पावसाळ्यात बीज सोडण्यापूर्वीच व्हावयास हवा.